डाव्या डोळ्याने पाहिलेली बोट

मित्रांनो, बंदराच्या तोंडाशी एक बोडकी टेकडी आहे. टेकडीवर एक खोली आहे आणि तिला तिन्ही बाजूंनी काचाच काचा आहेत. आत रंगीत पडदे लुकलुकतात, खुर्च्या गोल फिरतात, फोन वाजतात. त्यातले काहीही मी नाही. पश्चिमेच्या खिडकीशी एक लोखंडी खांब आहे आणि त्याच्यावर कोणाचा तरी ओला रेनकोट वाळत घातलेला असतो. तो रेनकोट जरा बाजूला करा. त्याच्याखाली जी दिसेल, ती मी. मी एक जुनी दुर्बीण आहे. अलीकडे खुंटी म्हणूनच माझा जास्त उपयोग होतो. पण जन्माने मी डोळा आहे, आणि तोही एक नाही, दोन.

माझा जन्म भिंगे घासण्याच्या कारखान्यात झाला. तिथे माणसांचे बोलणे कमी आणि काचेचे कुरकुरणे जास्त. कारागीर भिंगाला कडेने धरीत, नुकत्या जन्मलेल्या बाळाला धरावे तसे. शेवटच्या टेबलाशी एक चिडखोर बाई बसत. त्यांचे काम एकच, माझ्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि दोघींचे एकमत करायचे. दूरच्या पाण्याच्या टाकीवर मला रोखून त्या बारीक बारीक स्क्रू पिळत राहत. एकमत झाले नाही, तर बघणाऱ्याला एका टाकीच्या दोन टाक्या दिसतात आणि वर कपाळ दुखते ते वेगळेच. शेवटचा स्क्रू घट्ट करून बाई म्हणाल्या, "नांदा गं सुखाने." एवढा आशीर्वाद आणि एक चामड्याची टोपी घेऊन मी या टेकडीवर आले.

माझे पहिले पहारेकरी म्हणजे तात्या. त्यांची बोटे जाड, पण माझी काच पुसताना ती बोटे हलकी होत. आधी फुंकर, मग मऊ फडके, मग पुन्हा फुंकर. त्यांनी समुद्र पाहायची एक रीत घालून दिली होती. फरशी पुसावी तसे पाणी पाहायचे, डावीकडून उजवीकडे, एकही पट्टा न सोडता. नव्याने कामाला लागलेल्यांना ते एकच गोष्ट सांगत. "नुसती बोट बघू नका रे. बोट काय करतेय ते बघा." कोणती बोट लाटेशी भांडत चालली आहे, कोणती उगाचच घुटमळते आहे, कोणती दिवसाढवळ्या चोरपावलांनी येते आहे, हे त्यांना माझ्यातून बरोबर दिसे. एकदा एक उलटलेली होडी आणि तिला धरून लटकलेली माणसे आम्ही दोघांनी मिळून पाहिली. माणसे वाचली. तात्यांचा फोटो काढून तो जिन्यात लावला. फोटोत मीही आहे. कडेला, अर्धी कापलेली, पण आहे.

तात्या निवृत्त झाले आणि नवी मंडळी आली. सगळ्यांत आधी छपरावर रडार आले. ते रात्रंदिवस गरगर फिरते. धुके असो, पाऊस असो, पाण्यावर काहीतरी आहे एवढे त्याला नक्की कळते. काय आहे, ते मात्र कळत नाही. मग आली पेटी. प्रत्येक बोटीवर एक छोटी पेटी बसवली गेली, आणि ती सतत सांगत राहते, मी अमुक, मी आत्ता इथे. खोलीतल्या पडद्यावर तिचा हिरवा ठिपका उमटतो, शेजारी बोटीचे नाव. पण पेटी बोटवाल्यानेच चालू ठेवायची. बंद केली की ठिपका विझतो. शेवटी उंच खांबावर कॅमेरा आला. त्याला जवळचेही दिसे आणि लांबचेही. मला हेवा वाटला का? वाटला. खोटे कशाला बोलू?

त्यानंतर माझ्याकडे कोण वळणार? चामड्याची टोपी कोणाच्या तरी हातून खिडकीबाहेर गेली. ओल्या रेनकोटाची दमट हवा माझ्या आत शिरली आणि उजव्या भिंगावर बुरशी धरली. आधी एक धागा, मग जाळे, मग पांढरे ढगच. दोघींचे एकमत संपले. ज्याने दोन्ही डोळे लावले, त्याला अर्धा समुद्र आणि अर्धे दूध दिसू लागले. "मोडीत काढा हो हिला," असे लोक म्हणत, आणि जाताना छत्रीही माझ्यावरच टांगत.

आता त्या सकाळच्या खोलीतली माणसे सांगते. पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यांवर ताईंची नजर असे. ताई कोळणीची लेक. आधी वडील समुद्रावर जात, आता बोट धाकट्या भावाकडे. रडारपाशी घुबडराव. जाड चष्म्यामुळे हे नाव पडले होते आणि तेही या नावाला ओ देत. आणि दोघांवर साहेब. साहेबांना पित्ताचा त्रास होता. ते दिवसभर गोळ्या चघळत, आणि कोणतीही बातमी ऐकण्याआधी एक गोळी तोंडात टाकत.

या खोलीत एक विनोद चाले. तो आधी सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. मासेवाल्याला एखाद्या जागी भरपूर मासा लागला, की तो आपली पेटी बंद करतो. नाहीतर त्याचा ठिपका पाहून बाकीच्या बोटी तिथे धाव घेतात. पेटी बंद करायला परवानगी नाही, पण चांगली जागा सांभाळायला कोणाला आवडत नाही? खोलीला हे ठाऊक होते. म्हणून एखादा ठिपका विझला, की घुबडराव म्हणत, "गेला आंघोळीला!" आणि सगळे हसत. थोड्या वेळाने ठिपका परत उगवला, की ताई म्हणत, "आला अंग पुसून." नोंद नाही, चौकशी नाही. हसले की विषय संपला.

त्या दिवशी उजाडता उजाडता ताईंच्या भावाचा ठिपका विझला. ताई स्वतःच म्हणाल्या, "आमचा पण गेला आंघोळीला." घुबडराव म्हणाले, "घरची मंडळी फार स्वच्छ दिसतात तुमची." पुन्हा हसू झाले.

मग फोन आला. साहेबांनी गोळी तोंडात टाकून तो घेतला, आणि ठेवला तेव्हा ती चघळायचे विसरले होते.

"वरून निरोप आहे," ते म्हणाले. "पश्चिमेकडून एक बोट येण्याची शक्यता. पेटी बंद, जड भरलेली, रोख तेलाच्या धक्क्याकडे. आत काय असेल आणि तेल पेटले तर काय होईल, ते सांगायला नको."

तेलाच्या धक्क्याला एक भलेमोठे जहाज लागलेले होते आणि त्यातून तेल उतरवणे चालू होते. धक्क्यामागे घरे आहेत. इतकी जवळ, की मी तिथल्या दोरीवरचे कपडे रंगांसकट सांगू शकत असे.

घुबडराव पडद्यावर वाकले. "साहेब, एक आहे."

"कुठे?"

"पश्चिमेला. पेटी नाही. रोख... धक्क्याकडेच आहे साहेब."

ताईंनी वायरलेसवर हाक मारली. मग पुन्हा मारली. उत्तर नाही. कॅमेरा त्या दिशेला वळवला, तर पडद्यावर नुसता करडा लगदा. कॅमेऱ्याच्या काचेवर खाऱ्या पाण्याचा थर बसला होता. खांबावर चढून ती पुसायचे काम 'उद्या बघू' या खात्यात जमा होते.

"गस्तीची नौका सोडा," साहेब म्हणाले. "थांबायला सांगू दे. नाही थांबली तर हवेत गोळीबार. तरीही नाही थांबली तर..." पुढचे वाक्य त्यांनी गोळीबरोबर गिळले.

मित्रांनो, मला त्या वेळी ताईंचे तोंड दिसत होते. त्या त्याच जागेकडे पाहत होत्या, जिथे सकाळी भावाचा ठिपका होता. पेटी बंद, पश्चिमेला, भरलेली. निरोपातला एकेक शब्द त्यांच्या भावालाही लागू होता. भरलेल्या बोटीवाले धक्क्याजवळून आत घुसतात, तेही त्यांना माहीत होते. तिथून जायला बंदी आहे, पण वळसा वाचतो आणि लिलावात पुढे राहता येते.

त्या उठल्या आणि त्यांनी माझ्यावरचा रेनकोट ओढून खाली टाकला.

"अहो, माझा आहे तो!" साहेब ओरडले.

"असू दे," ताई म्हणाल्या. घरात म्हणावे तसे म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही डोळे लावले आणि दचकून मागे सरकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यात एकदा गरज पडली, आणि मी दूध दाखवते आहे! पण ताईंनी उजवा डोळा मिटला, बाहीने डाव्या भिंगावरची धूळ पुसली, आणि पुन्हा वाकल्या. मी डाव्या डोळ्यात होता नव्हता तेवढा जीव गोळा केला.

दुरून एक बोट येत होती. काठापर्यंत पाण्यात बसलेली. कडेवरून जाळी लोंबत होती, त्यामुळे नाव दिसत नव्हते. वर निळी ताडपत्री. निम्म्या बोटींवर निळी ताडपत्रीच असते. सुकाणूपाशी कोणीतरी खाली वाकलेले. आणि बोटीच्या मागे हवेत काहीतरी पांढरे, चुरा उडाल्यासारखे.

ताईंनी खांब घट्ट धरला. त्यांच्या हाताचा घाम माझ्या खांबाला लागत होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मागे पक्षी आहेत. खूप आहेत. बोटीत मासा आहे."

"पक्षी काय, कोणाच्याही मागे लागतात."

"रिकाम्या हाताच्या माणसामागे भिकारी तरी लागतो का साहेब?"

मग ताई जे बोलल्या, ते बोलायला मोठी छाती लागते. मी तात्यांच्या काळापासून इथे आहे, पण या खोलीत असे कोणी बोललेले मी ऐकले नव्हते.

"आणखी एक, साहेब. ती माझ्या भावाची असावी असं मला वाटतंय. सकाळी त्याची पेटी बंद झाली, ते मी पाहिलं आणि हसले. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. मला जे हवंय, तेच मला दिसत असेल. दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या."

गस्तीची नौका बंदरातून निघाली होती. तिचा फेसाळ पट्टा त्या बोटीच्या दिशेने लांबत चालला होता.

"घुबडराव, बघा," साहेब म्हणाले.

घुबडराव चष्मा काढून माझ्यावर आदळलेच. "काही दिसत नाही! सगळं पांढरं!"

"उजवा मिटा हो!" ताई म्हणाल्या.

"हां. हां... बोट आहे. भरलेली आहे. मागे काहीतरी उडतंय. राख? धूर?"

"वाऱ्याबरोबर उडतंय का वाऱ्याविरुद्ध?" ताईंनी विचारले. त्या आता माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, मुद्दाम.

घुबडराव आणखी वाकले. मग म्हणाले, "विरुद्ध. वर जातंय, परत खाली येतंय. पक्षीच आहेत, साहेब."

"मग तुमच्या रडारवर का नाही दिसत ते?"

"गाळणी लावलीय ना, साहेब. लाटा, पक्षी, असली बारीक खसखस दिसू नये म्हणून. पडदा साफ दिसतो."

"कोणी सांगितलं लावायला?"

घुबडरावांनी चष्मा परत घातला. "तुम्हीच साहेब. मोठे पाहुणे आले होते तेव्हा. म्हणालात, पडदा फार पुरळ आल्यासारखा दिसतोय."

साहेबांनी पडद्याकडे बोट केले. गाळणी काढली. पडद्यावर खरोखरच पुरळ उठले, आणि त्या एका ठिपक्यामागे धुरकट शेपूट हलू लागले. छपरावरच्या रडारला ते सगळे केव्हापासून दिसत होते. त्याला बोलू दिले नव्हते, एवढेच.

"वर मासे," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आणि फळ्यांखाली दुसरं काही असलं तर?"

दुर्बीण लांबचे पाहते, फळ्यांखालचे नाही. धक्क्यामागे दोरीवर कपडे हलत होते. गस्तीच्या नौकेवरच्या माणसांनाही घरे होती. साहेबांनी गोळ्यांची डबी उघडली, पाहिली आणि मिटली.

"गस्तीला सांगा, मी सांगेपर्यंत गोळी नाही. बोटीच्या आणि धक्क्याच्या मध्ये राहा. जवळ जा, भोंग्यावरून बोला. आणि जपून."

ताई परत माझ्यापाशी आल्या. आता त्यांना न पाहणे जमेना. त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटे, त्या पुसत, ती पुन्हा धुरकटे. नौका आडवी गेली. बोट थांबेना. इंजिनाच्या धडधडीत भोंगा ऐकू जात नसावा. नौकेच्या टोकावर एक शिपाई उभा राहिला आणि त्याने बंदूक खांद्याला लावली. ते मी पाहिले, म्हणजे ताईंनीही पाहिले. त्यांच्या हातातला खांब हलला.

तेव्हा कुठे सुकाणूपाशी वाकलेल्या माणसाने मान वर केली. तो पायाने सुकाणू धरून मासे निवडत बसला होता. त्याने दोन्ही हात वर केले. एका हातात मासा तसाच होता.

वायरलेस खरखरला. "टेकडी, टेकडी. बोटीवर दोघे. मासे आहेत. फळ्या उचलून बघतोय." मग नुसती खरखर. ती खरखर इतकी लांबली, की साहेब खुर्चीत बसायचे ते अर्धवट वाकूनच राहिले. "टेकडी, खाली पण मासेच. पाय ठेवायला जागा नाही." आणि मग त्या आवाजाने बोटीचे नाव वाचले. ते ऐकून ताई तिथेच फरशीवर बसल्या, साहेबांच्या रेनकोटावर.

फोनवरच्या निरोपातली बोट त्या दिवशी आली नाही. ती होती की नव्हती, कोणालाच कधी कळले नाही. पहाऱ्याचे काम असेच असते, मित्रांनो. जे घडले नाही, त्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही, आणि भीतीही पूर्ण जात नाही.

दुपारी भावाला टेकडीवर आणले. अंगाला माशांचा वास, चेहऱ्यावर फुगलेला राग.

"अगं ताई, सहा पिढ्यांचा धंदा आपला, आणि मला चोरासारखे हात वर करायला लावले!"

"हाका मारून घसा बसला माझा. वायरलेस का नाही घेतलास?"

"चालूच नव्हता."

"का?"

भावाने पायाकडे पाहिले. "पेटीचं आणि वायरलेसचं बटण एकच आहे. वेगळी वायर ओढली नाही. म्हटलं, कशाला पसारा."

"म्हणजे जागा लपवायला पेटी बंद केलीस, आणि कानपण बंद झाले."

"जागा सगळ्यांना कळली असती ना!"

"गाढवा, मला तरी कळू द्यायची!"

मग ताईंनी त्याला मानेला धरून माझ्यापाशी आणले. शाळेत न्यावे तसे. "उजवा मीट. डाव्याने बघ. ती लांबची बोट दिसते? कोणाची आहे?"

त्याने माझ्या भिंगाचे कडे फिरवले, पुन्हा फिरवले. "लांब आहे गं."

"मासेवाल्याची आहे की कोणा हरामखोराची? सांग. पटकन सांग, धक्का जवळ येतोय."

"कळत नाहीये."

"मग आम्हाला कसं कळावं?"

तो तसाच वाकून पाहत राहिला. राग कुठच्या कुठे गेला होता. मग माझ्यावरून डोळा न काढताच त्याने विचारले, "त्यांनी बंदूक उचलली होती?"

"हो."

"मला दिसलंच नाही."

"मला दिसली," ताई म्हणाल्या.

घुबडरावांनी आपली खुर्ची पडद्याकडे फिरवली.

भावाचा परवाना काही काळासाठी गेला, आणि ताईंनाही वरून लेखी बोलणी बसली. दोघांनीही ती मुकाट्याने घेतली. आता त्याच्या बोटीवर दोन बटणे आहेत. पेटी कायम चालू असते, त्यामुळे त्याच्या जागेवर आता अर्धे बंदर गोळा होते, आणि तो घरी येऊन ताईंच्या नावाने चडफडतो. ताई म्हणतात, "चडफड बाबा, चडफडायला आहेस ना!" कॅमेऱ्याची काच आता पाळीपाळीने पुसली जाते. पहिल्या पाळीला साहेब स्वतः चढले आणि उतरताना घाबरले, हे मी पाहिले आहे. गाळणी लावायची तर आता तिघांना विचारून. माझा उजवा डोळा मात्र बरा होणार नाही. तो कारखाना कधीच बंद पडला, आणि एकमत करणाऱ्या बाई आता असतील नसतील. ताईंनी माझ्यासाठी घरून जाड कापडाची टोपी शिवून आणली आहे. ती मला थोडी मोठी होते. रेनकोटाला दाराजवळ खरी खुंटी मिळाली आहे.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. त्या दिवशी रडारला अर्धे कळले, पेटीला काहीच कळले नाही, कॅमेरा आंधळा होता आणि मी एका डोळ्याने अधू. पण रडारचे आणि माझे थोडे थोडे एकत्र केले आणि एका बाईने 'मलाच बघू द्या' न म्हणता 'दुसऱ्याला बघू द्या' म्हटले, तेव्हा कुठे एक माणूस हातात मासा धरून घरी आला. म्हणून तुमच्या घरात, शाळेत, कामावर जे काही पाहणारे असेल, काच असो की माणूस, त्याला पुसून ठेवा. त्याच्यावर ओले कपडे टाकू नका. आणि समुद्रावर जाणार असाल तर, दादांनो, आपली ओळख चालू ठेवा. किनाऱ्यावर कोणीतरी ती शोधत असते.

आज सकाळी पडद्यावरचा एक हिरवा ठिपका विझला. कोणाचा होता, मला इथून दिसले नाही. घुबडरावांनी सवयीने तोंड उघडले आणि मिटले. कोणीही हसले नाही. ताईंनी वायरलेसवर हाक मारली, फडके उचलले, आणि माझी टोपी काढली.